चित्रातला घोडा, पिठाचा कोंबडा

लहानपणी जिवापाड आवडलेल्या चित्रमय पुस्तकातील एखादे पात्र मोठेपणी स्वतःच्या हाताने पुन्हा रेखाटणे, मूळ पुस्तकात नसलेल्या प्रसंगात त्याला नेऊन उभे करणे किंवा त्याच्या गोष्टीचा पुढचा भाग चित्रांतून कल्पिणे, या उद्योगाला आज सर्रास ‘फॅन आर्ट’ म्हटले जाते. त्याच्याकडे बहुधा हौस म्हणून पाहिले जाते, आणि वाद उद्भवलाच तर हक्कांचा वाद म्हणून. परंतु त्याच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. ज्याला कोणी पाहिलेले नाही, जो कदाचित कधी नव्हताच, त्याचे चित्र एखादा चाहता पुन्हा काढतो तेव्हा तो नेमके कोणाचे चित्र काढतो? छापलेल्या पानाचे, मूळ चित्रकाराच्या मनातील आकृतीचे, की या दोहोंच्या पलीकडील कोणाचे? काश्मीरच्या साहित्यमीमांसकांनी आणि जैन आचार्यांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली आहेत, आणि ती पडताळून पाहण्यासाठी इंदूरच्या सराफ्याचा परिसर अनपेक्षितपणे सोयीचा आहे.

माळव्यातील मराठी कुटुंबांच्या संदर्भात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम आणि वेताळ यांचे आहे. जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती. तिच्यातील विक्रमाला ज्या रूपात वाचकांच्या पिढ्यांनी ओळखले, म्हणजे हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबकळणारे प्रेत आणि भोवती स्मशानातली रात्र, ते रूप के. सी. शिवशंकरन उर्फ ‘शंकर’ (१९२४–२०२०) या तमिळ चित्रकाराने दिलेले होते. इंदूरच्या मुलाला मात्र हा राजा परका वाटण्याचे कारण नव्हते, कारण उज्जैन हाकेच्या अंतरावर आणि विक्रमादित्य उज्जैनचा, हे त्याला पुस्तक हाती येण्यापूर्वीच ठाऊक असे. गंमत अशी की अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा उज्जैनचा नाहीच, तो त्रिविक्रमसेन असून गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. पुढच्या रूपांतरांनी त्याला उज्जैनला नेले. परंपरेतल्या पंचवीस कथा संपल्यावरही मासिकाने वेताळाच्या चौकटीत नव्या कथा बसवण्याचा क्रम अनेक दशके चालू ठेवला. म्हणजे चाहता ज्याला मूळ मानतो, ते मूळच आधीच्या कोणाच्या तरी गोष्टीची प्रेमाने वाढवलेली आवृत्ती असते. अशा स्थितीत त्याचे चित्र हे ‘नक्कल’ आहे असे म्हणायचे, तर नक्कल कशाची, हे आधी सांगावे लागते.

अनुकरणाच्या या प्रश्नाचा सर्वांत धीट विचार श्रीशंकुकाने केला. नवव्या शतकातील या काश्मिरी मीमांसकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त खंडनासाठी मांडले म्हणून टिकले. शंकुकाच्या मते रस म्हणजे अनुकरणातून प्रतीत होणारा स्थायी भाव, आणि रंगमंचावरील नटाला प्रेक्षक ‘हा राम’ म्हणून जाणतो ती जाणीव चित्रातील घोड्याच्या जाणिवेसारखी असते. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून माणूस ‘हा घोडा’ असे म्हणतो, पण ते यथार्थ ज्ञान नसते, कारण तो खोगीर घालायला जात नाही. ते मिथ्या ज्ञानही नसते, कारण पुढे कोणी येऊन त्याचा भ्रम दूर करावा लागत नाही. घोडा आहे की नाही असा संशय त्याला नसतो, आणि ‘हे घोड्यासारखे काहीतरी आहे’ अशी तुलनाही तो करीत नाही. ही चारही ज्ञानांहून वेगळी अशी पाचवी जाणीव आहे, असे शंकुक मानतो. आवडत्या पात्राचे चित्र पाहून ‘हा आमचा विक्रम’ असे म्हणणाऱ्या वाचकाच्या मनाचे इतके नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

तरीही शंकुकाचे उत्तर अपुरे पडते, आणि ते का पडते हे अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी दाखवले. अनुकरण म्हणायचे तर अनुकार्य, म्हणजे ज्याचे अनुकरण करायचे तो मूळ विषय, आधी कोणाच्या तरी अनुभवात यायला हवा. पण रामाची चित्तवृत्ती कोणी पाहिली आहे? शिवाय शेंदूर, हरताळ असे रंग खऱ्या गाईला प्रकट करीत नाहीत, दिव्याने वस्तू उजळावी तसे तर नाहीच. ते गाईच्या अवयवांसारखी केवळ एक रचना घडवतात. अभिनवगुप्ताने यावरून पुढे असा निष्कर्ष काढला की नाट्य हे अनुकरण नसून अनुव्यवसाय आहे, म्हणजे स्वतःच्याच अनुभवाचे पुन्हा, व्यक्तिगत हर्षशोकातून सोडवलेल्या रूपात, घेतलेले ज्ञान आहे. शंकरचा विक्रम पुन्हा काढणारा प्रौढ हात बाहेरच्या कोणा राजाकडे पाहत नसतो, तर वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी त्या पानासमोर जे भय आणि जे धाडस मनात उठले होते त्याकडे पाहत असतो, एवढे या सिद्धांतावरून नीट समजते. पण एक गोष्ट त्यातून सुटते. चाहत्याला केवळ आपले बालपण नको असते. त्याला विक्रम हवा असतो. कागदावर उतरलेला तो ‘तोच’ आहे, असा त्याचा आग्रह असतो, आणि हा आग्रह रसचर्चेत कोठे बसवावा हे कळत नाही.

येथे सराफ्याकडे वळणे उपयुक्त ठरते. राजवाड्यालगतची ही पेढ्यांची गल्ली रात्री खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठी देशभर प्रसिद्ध असली तरी दिवसा ती सोन्याचांदीचा बाजार आहे, आणि मराठी घराच्या देव्हाऱ्याचा सोनाराशी असलेला संबंध टाकांमधून जुळतो. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावाने घडवलेली कुलदैवताची किंवा पूर्वजांची आकृती. इंदूरच्या होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्याच्या टाकावर घोड्यावर बसलेला, हाती खड्ग घेतलेला देव असतो. नित्याच्या स्नानाने, पुसण्याने आकृती झिजली की जुना टाक सोनारापुढे ठेवून तसाच नवा करून घेतात. हा नवा टाक कोणत्या कलाकाराच्या मूळ रेखाटनावर आधारलेला आहे हे कोणी विचारीत नाही, आणि नाक किंचित बसके झाले म्हणून देव बदलला असेही कोणी म्हणत नाही. टाकाला अनुकरण म्हणणे घरच्यांना रुचणार नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. तेथे काही वेगळेच घडत असते. त्या वेगळ्या गोष्टीचा शास्त्रीय विचार सराफ्यापासून चार पावलांवरच्या इतवारिया बाजारात, सेठ हुकुमचंद यांनी बांधवलेल्या काचमंदिराच्या धर्मपरंपरेत सापडतो.

उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त एखादी वस्तू चार प्रकारे समजून घेता येते असे सांगितले आहे, या प्रकारांना निक्षेप म्हणतात. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव हे ते चार. गुण नसतानाही एखाद्या मुलाला ‘इंद्र’ म्हणणे हा नामनिक्षेप होय. लाकूड, माती, चित्र किंवा सोंगटी यांत ‘तो हाच’ असा निश्चय करणे हा स्थापनानिक्षेप होय. जे पुढे होणार आहे किंवा होऊन गेले आहे त्यावरून वस्तूला ओळखणे हा द्रव्यनिक्षेप, आणि जे आज प्रत्यक्ष तसे आहे ते भावनिक्षेप. स्थापनेचेही दोन प्रकार मानले जातात: आकाराचे साम्य असलेली ती तदाकार, आणि साम्य नसलेली ती अतदाकार. बुद्धिबळाच्या पटावरचा घोडा हे दुसऱ्या प्रकाराचे नेहमीचे उदाहरण आहे. नाव आणि स्थापना यांतला भेदही आचार्यांनी हेरला आहे: नुसत्या नावाच्या इंद्रापुढे कोणी हात जोडत नाही, स्थापिलेल्यापुढे मात्र आदर आपोआप उत्पन्न होतो. शंकुकाने प्रेक्षकाला चित्रासमोर उभे करून त्याच्या जाणिवेचे परीक्षण केले. जैन विचाराने करणाऱ्याच्या निश्चयाला मध्यभागी आणले, आणि चाहत्याच्या चित्राचे मर्म याच निश्चयात आहे. तो विक्रमाची नक्कल करीत नाही, तर आपल्या कागदावर विक्रमाला स्थापतो. अर्थात ही स्थापना पूजनीय प्रतिमेची नव्हे. त्यासाठी जैन मंदिरात पंचकल्याणकाचा स्वतंत्र प्रतिष्ठाविधी असतो. पण दोहोंची तार्किक घडण एकच आहे.

काचमंदिरात ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथे समोरासमोर लावलेल्या आरशांमुळे तीर्थंकरांच्या मूर्ती अनेक पटींनी दिसतात, पण वंदन मूर्तीला होते, त्या रांगेतल्या पाचव्या किंवा दहाव्या प्रतिबिंबाला नाही. साम्य म्हणावे तर प्रतिबिंबात अगदी पुरेपूर आहे. निश्चय मात्र कोणाचाच नाही. आवडत्या पुस्तकाच्या शैलीतले चित्र संगणकाकडून क्षणार्धात तयार करून घेण्याची जी लाट अलीकडे आली आहे, तिचे स्थान या आरशांत आहे. उलट, कोणा शाळकरी मुलाने वहीच्या मागच्या पानावर काढलेला, एक हात दुसऱ्याहून लांब झालेला विक्रम तदाकार नसला तरी स्थापना म्हणून पूर्ण आहे. इंदूरचे विष्णू चिंचाळकर, ज्यांना सारे शहर ‘गुरुजी’ म्हणे, वाळक्या काटक्या, पाने आणि टाकाऊ वस्तू यांत पक्षी आणि माणसे पाहत व मुलांना पाहायला शिकवत. अतदाकार स्थापनेचा इतका आनंदी आचार्य शोधून सापडणार नाही.

मग साम्याला काहीच मोल नाही काय? तेही खरे नाही. बहुतेक जिनमूर्ती चेहऱ्याने आणि आसनाने सारख्याच असतात. कोणता तीर्थंकर हे पीठावरच्या लांच्छनावरून, म्हणजे वृषभ, सिंह, शंख अशा चिन्हावरून कळते. चित्रकथेतले पात्रही असेच दोन-तीन चिन्हांवर उभे असते. खांद्यावरचे प्रेत आणि हातातली तलवार एवढे राखले तर विक्रमाला जीन्स घाला, राजवाड्यापुढच्या गर्दीत उभा करा, वाचक त्याला ओळखतो. तलवार काढून पुस्तक दिले की तो कोणी दुसराच होतो. चाहत्याचे स्वातंत्र्य मोठे आहे, पण त्याला ही एक कड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मूळ कृतीत अशा रीतीने हात घालण्याचा अधिकार कोणाला? मराठी परंपरेत या आक्षेपाला एकनाथांचे बळ आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना त्यांनी पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावले. मात्र त्याच एकनाथांनी वाल्मीकींच्या कथेवर ‘भावार्थरामायण’ रचायला घेतले, आणि परंपरेनुसार युद्धकांडात ते अपुरे राहिल्यावर त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केले. यात विसंगती शोधणे घाईचे होईल. मूळ ग्रंथाच्या अंगात आपले शब्द लपवणे निराळे, आणि त्याच्या शेजारी आपले नाव घेऊन नवी कृती उभी करणे निराळे. एकनाथांचा निषेध पहिल्या गोष्टीपुरता होता. १९५७ चा भारतीय कॉपीराइट कायदाही, आपल्या रुक्ष मार्गाने, साधारण याच भेदाजवळ येतो: चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो त्याच्या कृतीला संरक्षण देतो, पण खासगी उपयोगापुरत्या उचित वापराला मोकळीक ठेवतो. शंकरच्या नावावर खपवलेले नवे चित्र हे मिसळणे होय. खाली स्वतःची सही असलेला विक्रम हे मिसळणे नव्हे, जरी त्याची विक्री मांडली की कायद्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

स्थापनेचा सिद्धांत एकदा मान्य केला की त्याची जबाबदारीही घ्यावी लागते, आणि जैन कथाकारांनी ती कठोरपणे वसूल केली आहे. ‘यशस्तिलक’ हा ग्रंथ सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५९ च्या सुमारास पूर्ण केला. कथासरित्सागराचा सोमदेव तो हा नव्हे. ‘यशस्तिलका’तला यशोधर राजा उज्जैनचाच. अशुभ टळावे म्हणून आई चंद्रमती त्याला देवीपुढे पशुबळी द्यायला सांगते. तो नकार देतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापला जातो. रक्त सांडलेले नसते, जीव गेलेला नसतो, तरी संकल्प कोंबडा मारण्याचाच असल्यामुळे मायलेक मोर, कुत्रा अशा योनींत जन्मोजन्मी फिरतात आणि प्रत्येक वेळी हिंसेला बळी पडतात. पिठात कोंबड्याची स्थापना झालेली होती, म्हणून त्याला कापणे हे कापणेच ठरले.

आवडत्या पात्रांना अश्लील किंवा क्रूर प्रसंगांत ओढणारी चित्रे काढून ‘हे तर नुसते चित्र आहे’ असे म्हणणाऱ्यांना या कथेतून पळवाट उरत नाही. ‘हा तोच’ असा निश्चय केला म्हणूनच त्यांचे चित्र चित्र झाले. गैरसोयीच्या वेळी तोच निश्चय नाकारता येणार नाही. विडंबनाला मात्र ही शिक्षा लागू करणे योग्य नव्हे, कारण विडंबनकार बहुधा पात्राला धरत नाही, पात्राभोवती जमलेल्या भाबडेपणाला धरतो, आणि वेताळ स्वतःच दर कथेत राजाच्या शहाणपणाची थट्टा करीत असतो.

एक अडचण तरीही शिल्लक राहते. सराफ्याशेजारच्या खजुरी बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांतून जुनी चित्रे जमवणाऱ्या एखाद्या चित्रकाराने उद्या विक्रमाला उज्जैनच्या स्मशानातून उचलून गोदावरीच्या घाटावर आणले, तलवार आणि प्रेत जसेच्या तसे ठेवले आणि खाली आपली सही केली, तर वर सांगितलेल्या प्रत्येक कसोटीला ते चित्र उतरेल. पण त्याने स्थापिलेला राजा शंकरचा विक्रम असेल की सोमदेवाचा त्रिविक्रमसेन, हे चिन्हांवरून ठरणार नाही, कारण चिन्हे दोघांची एकच आहेत. ते चित्रकाराला विचारावे लागेल, आणि निक्षेपाच्या सिद्धांतानुसार तो जे उत्तर देईल ते मान्य करावे लागेल, मग चित्र पाहणाऱ्या माळव्यातल्या वाचकाला त्यात आपला उज्जैनचाच राजा दिसत असला तरी.