आशा आणि परीक्षा

तंजावरच्या मराठी राज्यात अपत्याचा प्रश्न दोनदा निर्णायक ठरला. तुळजाजी महाराजांनी १७८७ साली दत्तक घेतलेल्या सरफोजींना गादीसाठी १७९८ पर्यंत थांबावे लागले. आणि १८५५ साली शिवाजी महाराज पुत्राविना निवर्तले, तेव्हा कंपनीने ते राज्यच संपल्याचे ठरविले. याच सरफोजींच्या धन्वंतरी महालात औषधे पारखली जात, आणि गुणकारी ठरलेले उपाय तमिळ पद्यांत ग्रथित होत. अपत्याची ओढ आणि औषधाची पारख यांची आज पुन्हा गाठ पडली आहे. म्हणून हे स्मरण.

शरीराबाहेर गर्भधारणा घडविण्याच्या उपचारात इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक स्त्रीबीजे मिळवितात. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र तीन किंवा त्याहूनही कमी बीजे हाती येतात. त्यांना वृद्धिसंप्रेरकासारखी जोड-औषधे सुचविली जातात. ती उपयोगी पडतात का, हे पाहावयाचे तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या स्त्रियांना औषध व निम्म्यांना तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य द्यावे लागते. मूळ उपचार सर्वांनाच मिळतो, हे खरे; तरीही ज्यांच्या हाती काळ थोडा, त्यांना असे द्रव्य टोचणे निर्दयपणाचे नव्हे काय?

आम्हांस वाटते, या आक्षेपात औषध गुणकारी असल्याचे आधीच गृहीत धरलेले आहे. आणि नेमके तेच ठाऊक नसते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये १३० स्त्रियांवर वृद्धिसंप्रेरकाची अशी परीक्षा झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मूल जन्मास येण्याचे प्रमाण दोन्ही बाजूंस शेकडा १४ च्या आसपासच होते. परीक्षा लहान होती, तिचा शब्द अखेरचा नव्हे. पण औषधावाचून राहिलेल्यांचे काही हिरावले गेले, असे तीवरून म्हणवत नाही.

कोणी म्हणेल, संततीसाठी व्याकूळ झालेल्या आणि घरच्यांचे टोमणे ऐकणाऱ्या स्त्रीची संमती मोकळी कशी मानावी? हा आक्षेप खरा आहे. परंतु न पारखलेले औषध विकत घेतानाही ती तितकीच व्याकूळ असते; तेथे पैसे तिचे जातात आणि फलाची नोंद कोणी ठेवीत नाही. म्हणून परीक्षा टाळण्यापेक्षा तिला अटी घालणे आम्हांस न्याय्य वाटते. परीक्षेतील औषधाचा भार स्त्रीवर पडू नये. नकार दिल्याने तिच्या उपचारात उणे येऊ नये. आणि वैद्याने प्रथमच सांगावे, ‘याचा गुण येईल की नाही, आम्हांस माहीत नाही.’ हे वाक्य ऐकावयास कठोर आहे. तरी खोट्या धीरापेक्षा त्यातच तिचा मान अधिक राखला जातो.