पिंजरा उघडल्यावर



रात्री घुबड ओरडले की आपल्या उमरीत अजूनही कोणीतरी म्हणतेच, अपशकुन झाला. आज आम्ही एका घुबडाचीच गोष्ट सांगणार आहोत. तिने आम्हाला बरेच दिवस विचारात पाडले.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क ही मोठी बाग आहे. तेथील प्राणिसंग्रहालयात फ्लाको नावाचे नर घुबड होते. पंख पसरले की सुमारे सहा फूट भरतील एवढे मोठे. २०१० साली बंदिवासातच त्याचा जन्म झाला आणि त्याच वर्षी ते येथे आले. पुढची बारा वर्षे ते एका लहानशा पिंजऱ्यात राहिले. खाणे वेळेवर मिळे, दुखले खुपले तर औषध होई. लांब उडण्याची सोय नव्हती आणि शिकारीची गरजही नव्हती.

२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री कोणीतरी पिंजऱ्याची पोलादी जाळी कापली आणि फ्लाको बाहेर पडला. याला शिकार येत नाही, हा उपाशी मरेल, अशी संग्रहालयाच्या लोकांना काळजी लागली. त्यांनी आमिष ठेवून त्याला धरण्याचा प्रयत्न केला. पण थोड्याच दिवसांत तो स्वतः उंदीर धरून खाऊ लागला. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. शेवटी त्याला धरण्याचा नाद त्यांनी सोडला. वर्षभर तो त्या शहरात मोकळा राहिला आणि लोकांनी त्याला जीव लावला.

२३ फेब्रुवारी २०२४ रोजी तो एका इमारतीच्या आवारात पडलेला सापडला. त्यातच तो गेला. शवविच्छेदनात मार लागल्याचे दिसले. शिवाय उंदीर मारण्याची चार प्रकारची विषे आणि कबुतरे खाऊन जडलेला जबर रोग त्याच्या शरीरात आढळला. मार लागला नसता तरी तो वाचला नसता, असे तपासणाऱ्यांनी सांगितले.

मग जाळी कापणाऱ्याने चांगले केले की वाईट? काहीजण म्हणतील, एक वर्ष तरी तो पक्ष्यासारखा जगला. काहीजण म्हणतील, पिंजऱ्यात असता तर आजही जिवंत असता. आम्हाला दोन्ही म्हणणी अर्धीच वाटतात. त्याला जमणार नाही म्हणणारे चुकले, कारण त्याला जमले. जाळी कापणारा मात्र ज्या गल्ल्यांत त्याला सोडत होता, तेथे काय पसरले आहे याचा विचार न करता निघून गेला. आणि विष ठेवणाऱ्यांचे काय? त्यांचे घुबडाशी वैर नव्हते. त्यांनी आपल्या घरातल्या उंदरांपुरते पाहिले. या विषाने रक्त गोठत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावून फिरत राहतो. घुबडाला तोच आधी सापडतो.

आपल्याही घरांत हा प्रश्न येतो. दहावी-बारावी झालेली मुलगी पुण्याला शिकायला जाते म्हणते. आई-वडील म्हणतात, बाहेरचे जग वाईट आहे, इथेच राहा. दुसऱ्या घरी मुलाला उमरी स्टेशनावर गाडीत बसवून देतात आणि मग तो कोठे राहतो, काय खातो, कोणाच्या संगतीत आहे हे महिनोन् महिने विचारत नाहीत. पहिल्या घराचा मुलीच्या अंगच्या बळावर विश्वास नाही. दुसऱ्याला वाटते, सोडले की आपले काम संपले.

आणखी एक. खेड्यांतली मुले उमरीत शिकायला येतात, खोली करून राहतात. त्यांच्यासाठी उमरी हेच मोठे शहर आहे. त्यांना खोली देणारे, डबा देणारे, चौकात त्यांच्याकडे बघणारे आपणच. त्यांच्या वाटेवर आपण काय ठेवले आहे?

या आठवड्यात बाहेरगावी असलेल्या आपल्या एका मुलाला किंवा मुलीला फोन करावा. पैशांचे विचारण्याआधी जेवलास का, झोप लागते का, हे विचारावे. आणि घरात किंवा शेतात उंदरांचे औषध ठेवले असेल, तर मेलेला उंदीर उकिरड्यावर न फेकता खोल पुरावा. आपल्या शिवारातली घुबडेही उंदरांवरच जगतात.