ध्वनियंत्र कोणाच्या कानासाठीं?

उपासनामंदिरांत माइक व स्पीकर असावेत कीं नसावेत, हा वाद पुष्कळ मंडळ्यांत आतां उरलेला नाहीं. पुढचा प्रश्न मात्र उभा राहिला आहे. माइक व ॲम्प्लिफायर यांच्यामध्यें बसविण्याचें एक यंत्र बाजारांत मिळतें. दुकानदार त्याला प्रोसेसर म्हणतात. आवाज जसा आला तसाच पुढें न पाठवितां तो गाळून, तोलून व आवरून पाठविणें हें त्याचें काम. हें यंत्र घ्यावें काय, आणि घ्यावयाचें तर कोणतें, हा विचार पंचांना केवळ व्यवहाराचा वाटेल. परंतु जेथें मंडळीचें दान खर्च होतें, जेथें देवाचें वचन लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोहोंचवावयाचें असतें, आणि जेथें आपला आवाज शेजाऱ्याच्या घरांत शिरतो, तेथें धर्माचा प्रश्न असतोच. तो प्रश्न असा कीं, हें यंत्र आपण कोणाच्या कानासाठीं घेत आहों?

शास्त्राकडे पाहूं या. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, यरुशलेमेंत पाणीवेशीसमोर सर्व लोक जमले असतां एज्रा शास्त्र्यासाठीं लांकडाचा उंच मंच करण्यांत आला होता. लोकांना वाचणारा दिसावा व ऐकूं यावा म्हणून केलेली ती सोयच होती. तिला कोणीं नांव ठेविलें नाहीं. परंतु तेवढ्यावर काम संपलें नाहीं. जें वाचलें तें स्पष्ट करून त्याचा अर्थ लोकांस समजावून देण्यांत आला, आणि मग लोक रडले व मग आनंदले. पौलानेंही करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत समजणाऱ्या पांच शब्दांना न समजणाऱ्या दहा हजारांच्या वर बसविलें आहे. यावरून निर्णय निघतो तो हा कीं, आवाज मोठा करणें आणि शब्द स्पष्ट करणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. पहिल्यानें बोलणाऱ्याचा मान वाढतो; दुसऱ्यानें ऐकणाऱ्याचें कल्याण होतें.

किनवट तालुक्याचेंच उदाहरण घ्या. पैनगंगेच्या कांठचा, सागाच्या रानांनीं वेढलेला हा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होता. तेव्हांपासून तो नांदेड जिल्ह्यांत आहे. येथें मराठीच्या बरोबरीनें तेलुगू, गोंडी, कोलामी व बंजारा बोली ऐकूं येते. एकाच बांकावर बसलेल्या दोघांची मायबोली वेगळी असूं शकते. ज्याची मायबोली मराठी आहे, तो अर्धा ऐकलेला शब्द मनांतल्या मनांत पुरा करून घेतो; ज्याला मराठी ही दुसरी भाषा आहे, त्याला तें साधत नाहीं. त्याचा शब्द हरवला तो हरवलाच. वृद्धांचीही हीच गत. वयाबरोबर कानाला प्रथम उंच स्वर ऐकूं येईनासे होतात, आणि स, श, त, ट, क या व्यंजनांची ओळख बहुतांशीं त्या उंच स्वरांवरच अवलंबून असते. ‘पाप’, ‘ताप’ आणि ‘शाप’ या तीन शब्दांत पहिल्या व्यंजनाचाच काय तो फरक. तें व्यंजन हरवलें, तर म्हातारीला उपदेश पापाविषयीं होता कीं तापाविषयीं, हें कसें कळावें? अशा वेळीं नुसता आवाज वाढविला तर ‘आ’ चा घोष मात्र वाढतो. व्यंजन होतें तेथेंच राहतें.

येथें प्रोसेसरचा खरा उपयोग आहे. पंखा, मंच व पायांची धडधड यांचा सुमारें शंभर हर्ट्‌झच्या खालचा घोष तो गाळतो. ज्या स्वरांनीं पत्र्याचें छप्पर घुमतें ते तो उतरवितो, आणि व्यंजनांचे स्वर थोडे उचलतो. बोलणारा एकदम ओरडला तर आवाज दाबून धरतो व कुजबुजला तर सांवरतो. जी कर्कश शिटी सर्वांना कानावर हात ठेवावयास लाविते, तीही तो आवरतो. ती शिटी कां होते? माइक स्पीकरमधून निघालेला आपलाच आवाज ऐकतो, तो पुन्हां पुढें पाठवितो, पुन्हां तोच ऐकतो, आणि फिरतां फिरतां त्याची किंकाळी होते. जो सेवक आपल्याच बोलण्यावर कान ठेवून बोलतो, त्याच्या उपदेशाचेंही असेंच होतें!

मोठ्या संमेलनाच्या मंडपांत आणखी एक अडचण असते. आवाज एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. पुढच्या स्पीकरपासून सतरा मीटरांवर दुसरा स्पीकर लाविला, तर मागच्या बांकावर जवळचा शब्द आधीं पोहोंचतो आणि पुढून येणारा तोच शब्द सेकंदाच्या विसाव्या हिश्शानें मागाहून येतो. दोन्हीं मिळून गोंधळ होतो. प्रोसेसर मागच्या स्पीकरला तेवढें थांबवून धरतो, आणि शब्द एक होतो. हा गुण मंडपांत मोलाचा आहे. चाळीस माणसांच्या खोलीसाठीं त्याचें दाम मोजणें व्यर्थ होय.

आतां एका मोहाविषयीं सांगितलें पाहिजे. अशा पुष्कळ यंत्रांत व मिक्सरांत ‘इको’ नांवाची एक कळ असते. ती फिरविली कीं साध्या माणसाचा आवाज डोंगरांतून आल्यासारखा गंभीर होतो, आणि ऐकणाऱ्यावर दरारा बसतो. गायनाला ती थोडी शोभते; परंतु शास्त्रवाचनाच्या व उपदेशाच्या वेळीं ती लावणें म्हणजे पुढच्या शब्दावर मागच्या शब्दाची सावली पाडणें होय. शब्द स्पष्ट करण्यासाठीं घेतलेल्या यंत्रानेंच शब्द झांकला जातो. आणि त्याहून वाईट हें कीं, वचनाचें जें सामर्थ्य तें कळीच्या फिरविण्यांत आहे असें लोकांस वाटूं लागतें. बंधूंनो, तोतरा मोशे व साधा कोळी पेत्र यांच्या तोंडून बोललेल्या देवाला इकोची गरज नाहीं.

कोणी म्हणेल, “सुवार्ता गांवभर पोहोंचावी म्हणूनच आम्ही स्पीकर बाहेर लावितों, यांत दोष काय?” या प्रश्नाला उडवून लावतां येत नाहीं, कारण त्याच्या मुळाशीं आवेश आहे. परंतु विचार करा. प्रभूनें नावेंत बसून कांठावरल्या समुदायाला उपदेश केला. ते लोक ऐकावयास आलेले होते, आणि ज्याला जावयाचें त्याला वाट मोकळी होती. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाहीं. रात्रपाळी करून निजलेला मजूर, परीक्षेचा अभ्यास करणारें मूल, अंथरुणावरचा रोगी यांच्या घरांत आपण न विचारतां शिरलों, तर तो आपल्याला सुवार्तेचा दूत म्हणेल काय? बहिऱ्या माणसाला बरें करितांना प्रभूनें त्याला गर्दीतून बाजूला नेलें, असें मार्क सातव्या अध्यायांत सांगतो.

या बाबतींत ख्रिस्ती मंडळीला एकदां न्यायालयापुढेंही उत्तर द्यावें लागलें आहे. मद्रासेंतील एका वस्तीच्या रहिवाशांनीं तेथील पूर्ण सुवार्ता पंथाच्या चर्चविरुद्ध ढोल व ध्वनिवर्धक यांच्या आवाजाबद्दल तक्रार केली. ता. ३० ऑगस्ट २००० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. त्याचा भावार्थ असा कीं, इतरांची शांति भंग करून प्रार्थना करावी असें कोणताही धर्म शिकवीत नाहीं. त्याच वर्षीं निघालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिवर्धकास अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर तो लावण्याची सामान्यतः मनाई आहे. “दुसऱ्यांचे भोंगे चालतात, मग आमचेच कां बंद?” असें आपल्यांतील तरुण विचारतात. न्यायापुढें सर्व सारखे असावेत, ही त्यांची मागणी रास्तच आहे. परंतु शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा आपल्याला दुसऱ्यांच्या वागण्यावर अवलंबून ठेवून दिलेली नाहीं. ती आज्ञा न्यायालयानें आठवण करून द्यावी लागली, ही आपल्यासाठीं खेदाची गोष्ट आहे.

मग पंचांनीं काय करावें? प्रभूनें बुरूज बांधणाराला आधीं बसून खर्चाचा हिशेब करावयास सांगितलें. त्याप्रमाणें आधीं बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत. माइक तोंडापासून हातभर असेल तर वीतभर आणावा. अंतर निम्में झालें कीं त्याच्यावर पडणाऱ्या आवाजाचा दाब सुमारें दुप्पट होतो. स्पीकर माइकच्या पुढें, लोकांकडे तोंड करून ठेवावेत. पत्र्याखालीं जाड कापड किंवा तट्ट्या लावाव्यात. वाचणारानें सावकाश वाचावें. एवढ्यानें भागलें, तर यंत्राचे पैसे विधवेच्या औषधाला किंवा उपदेशकाच्या वेतनाला द्यावेत.

भागलें नाहीं, तर यंत्राची परीक्षा दुकानांत न करितां आपल्या मंदिरांत करावी. १७३९ सालीं फिलाडेल्फियांत जॉर्ज व्हाइटफील्ड हा उपदेशक उघड्यावर बोलत असतां बेंजामिन फ्रँकलिन मागें मागें चालत गेला, आणि शब्द कोठपर्यंत समजतो तें त्यानें ऐकून पाहिलें. त्यावरून त्यानें हिशेब केला कीं, तीस हजारांवर माणसें तो आवाज ऐकूं शकतील. आपणही तसेंच करावें. मंडळींत ज्याला सर्वांत कमी ऐकूं येतें तो एक वृद्ध, आणि ज्याची मायबोली मराठी नाहीं असा एकजण, यांना शेवटच्या बांकावर बसवावें. त्यांना ठाऊक नसलेल्या अध्यायांतील वीस सुटे शब्द वाचून दाखवावेत व ऐकलेले शब्द परत सांगावयास लावावे. ज्या यंत्रानें त्यांचे शब्द अधिक बरोबर येतील तें यंत्र चांगलें. मग त्याला कळा थोड्या कां असेनात. दुसरा एक पंच त्याच वेळीं शेजाऱ्याच्या ओट्यावर उभा राहावा, आणि तेथें उपदेश ऐकूं येऊं नये.

अशा यंत्रांत बहुधा आवाजाची कमाल मर्यादा ठरवून कुलूप लावण्याची सोय असते. ती असलेलेंच घ्यावें, मर्यादा सर्वांच्या संमतीनें ठरवावी, आणि तिचा सांकेतिक अंक गाणाऱ्या तरुणांजवळ किंवा पाळकाजवळ न ठेवितां एका वडिलाजवळ ठेवावा. याकोबानें घोड्याच्या तोंडांतील लगामाचा दृष्टांत जिभेसाठीं दिला. जिभेची शक्ति यंत्रानें शंभरपट झाली असतां लगाम सैल सोडावा काय?

प्रिय बंधुभगिनींनो, पुढील रविवारीं उपासना संपल्यावर शेवटच्या बांकावर बसलेल्या म्हातारीला एवढेंच विचारा, “बाई, आज काय ऐकलें?” तिचें उत्तर ऐकून मगच पंचांनीं दुकानाची वाट धरावी. देव आम्हां सर्वांना स्पष्ट बोलणारें मुख आणि शेजाऱ्याची काळजी वाहणारें अंतःकरण देवो.