आजाऱ्याची लायकी कोणी ठरवायची?



ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत तो माणूस बहुधा आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सुमारे चार तास, डायलिसिसच्या खुर्चीत बसतो. नेदरलँड्समध्ये हा खर्च मूलभूत आरोग्य विम्यातून भागतो. त्यामुळे ‘परवडेल का’ हा आपल्या गावाकडचा पहिला प्रश्न इथे मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो. चांगली सेवा कशाला म्हणायचे, आणि ती कोणाला मिळावी?

कृत्रिम मूत्रपिंड याच देशात आकाराला आले, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आयसेल नदीकाठच्या काम्पेन या लहानशा गावात, जर्मन ताब्याच्या काळात, डॉ. विलेम कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांचे पिंप, त्याभोवती गुंडाळलेली सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी आणि इनॅमलचे टब यांतून ते यंत्र उभे केले. 1943 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर ते वापरले. पुढच्या दोन वर्षांत ज्यांच्यावर प्रयोग झाला, ते जवळजवळ सगळेच दगावले. सप्टेंबर 1945 मध्ये सतरावी रुग्ण आली. सोफिया शाफस्टाट, वय 67. ती शुद्धीवर नव्हती आणि कैदेत होती, कारण युद्धात तिने नाझींना साथ दिली होती. देश नुकताच मुक्त झालेला, लोकांच्या जखमा ओल्या. गावात अनेकांना ती मेलेलीच बरी वाटत होती. कोल्फ स्वतः नाझीविरोधी, लोकांना जर्मनांपासून लपवायला मदत केलेले. तरी त्यांनी तिला यंत्राला जोडले. ती शुद्धीवर आली आणि आणखी काही वर्षे जगली. या यंत्राने वाचलेला पहिला जीव म्हणून वैद्यकाच्या इतिहासात तिचेच नाव आहे. (शुद्धीवर येताच ती म्हणाली की आता मी नवऱ्याला सोडणार, असे कोल्फ सांगत. म्हणजे तिच्यात काही सुधारणा झाली म्हणून ती वाचली, असा बोध काढायची सोय नाही.)

तुम्ही कोल्फ यांच्या जागी असता तर? उत्तर द्यायची घाई करू नका. आपल्या समाजाने अन्याय भोगला आहे, तेव्हा अत्याचाऱ्याची बाजू घेणाऱ्याला का वाचवायचे, हा प्रश्न आपल्याला पुस्तकी नाही.

आता दुसरे टोक पाहा. 1960 मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम राहू शकेल अशी नळी तयार केली आणि डायलिसिस वर्षानुवर्षे करता येऊ लागले. यंत्रे थोडी, रुग्ण फार. मग सात जणांची समिती नेमली गेली. त्यात धर्मगुरू, वकील, गृहिणी, बँकवाला असे लोक होते. जगायला कोण पात्र, हे ठरवताना त्यांनी उत्पन्न, शिक्षण, नोकरी, मुलेबाळे, चर्चमध्ये जाणे-येणे हेसुद्धा पाहिले. ही माणसे दुष्ट नव्हती. पण मोजपट्टी त्यांच्यासारख्याच लोकांच्या मापाची होती. 1972 च्या कायद्याने तिथे सरकारने खर्च उचलला आणि तशा समित्यांची गरज सरली.

महावग्गातली कथा आपण धम्मवर्गात ऐकतो. बाबासाहेबांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ती घेतली आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. तथागतांनी विचारले, तुझी सेवा कोणी का करत नाही? त्याने दिलेले कारण मला फार बोचते : मी इतर भिक्खूंसाठी काही करत नाही, म्हणून तेही माझे काही करत नाहीत. त्याने आपला निकाल आपणच लावून घेतला होता. सिएटलच्या समितीपुढे तो नक्कीच नापास झाला असता. तथागतांनी त्याला उपयुक्ततेचा हिशोब विचारला नाही. त्यांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

‘पण भोगतोय ते त्याच्याच कर्माचे’ हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येते. मोळियसीवकाने हाच मुद्दा काढला तेव्हा तथागतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि त्या यादीत कर्म हे फक्त एक. मधुमेहाने मूत्रपिंड गेले तर तिथे गतजन्म शोधायचे कारण नाही.

यंत्रे कमी असतील तर कोणाला तरी निवडावेच लागेल, हे मान्य. तेव्हा कोणाची प्रकृती जास्त धोक्यात आहे, कोणाला उपचाराचा लाभ होईल, हे डॉक्टरांनी पाहावे. कोण चांगला, हे नाही.

आता सेवेच्या दर्जाकडे. मी संगणकवाला माणूस, मला आकड्यांचा मोह आहे. डायलिसिसलाही आकडा आहे : रक्तातला युरिया किती साफ झाला, यावरून उपचार पुरेसा झाला का हे ठरते. तो आकडा हवाच. पण त्याच कथेत तथागत चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगतात. औषध तयार करता येणे आणि पथ्य-अपथ्य कळणे, इथवर पडद्यावर दाखवता येईल. लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न वाटणे, आणि धम्माच्या बोलण्याने धीर देणे, हे कुठल्या रकान्यात बसवणार? त्यातही किळस न वाटण्याच्या लक्षणापाशी मी थांबतो. आपल्या देशात घाण काढणे हे जातीने ठरवून दिलेले काम, आणि ते करणारा अस्पृश्य. इथे तेच काम प्रशिक्षित नर्स करते आणि डॉक्टर तिच्याशी बरोबरीने बोलतात. अडीच हजार वर्षांपूर्वी स्वतः शास्त्याने ते काम हातात घेतले, ही गोष्ट आपल्या लोकांना जितकी कळायला हवी तितकी अजून कळलेली नाही.

रुग्णाचीही पाच लक्षणे आहेत : हितकारक तेच करणे, मर्यादा पाळणे, औषध घेणे, आजाराबद्दल खरे सांगणे, वेदना सोसणे. डायलिसिसवर मर्यादा म्हणजे अक्षरशः पाण्याचे घोट, केळी आणि नारळपाणी मोजणे. पण आपल्या घरांत अडतो तो चौथा मुद्दा. ज्या आईला वा पत्नीला डच येत नाही, इंग्रजीही जेमतेम, ती खरे कोणाला सांगणार? मग मुलगा दुभाषी होतो. आईला पोटाची, लघवीची, मन खचल्याची गोष्ट मुलापुढे काढवत नाही, आणि मुलगा डॉक्टरांचे कडू बोलणे गोड करून सांगतो. दोघांचाही हेतू चांगला, आणि नर्सच्या हाती अर्धीच माहिती. सेवा कमी पडली असे नंतर आपणच म्हणतो.

तेव्हा भेट ठरवतानाच विचारा की फोनवरून दुभाषी मिळेल का. नाही मिळाला, तर घरातल्याऐवजी संस्थेतले कोणी मोठे माणूस सोबत न्या, शक्यतो बाईसोबत बाई. आणि तुम्हीच दुभाषी असाल तर लाज वाटेल ते वाक्यसुद्धा जसेच्या तसे पलीकडे पोचवा.