वाटणीत न आलेली भेग

पेणपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं. ओटी, पडवी, भातखाचरं, आंबे, सगळ्याची वाटणी झाली. गोठ्याचेही दोन भाग झाले. मधली दगडमातीची भिंत तेवढी दोघांची राहिली.

भादव्यात पाऊस ओसरला आणि थोरल्याच्या गाईच्या पोळीला, कासेला गोचिडी लागल्या. त्याने करंजाचं तेल चोळलं. गाय आठवडाभर निवांत राहिली, मग पुन्हा तेच. धाकट्याच्या बैलांचीही तीच गत. त्याने दुकानातून औषध आणून फवारलं, तेवढ्यापुरता आराम पडला.

"दादा, तुझ्या गाईवरनं येतात."

"आणि तुझा कुत्रा दिवसभर माळावर उंडारतो, त्याचं काय?"

गुरांचं रक्त आटत राहिलं, भावांचं बोलणं बंद झालं.

साखरचौथीच्या गणपतीला रोह्याची आत्या सकाळच्या गाडीने आली. ती पडवीत पिशवी ठेवते तोच आतून पोरीचं रडणं ऐकू आलं. धाकट्याच्या लेकीच्या कानामागे गोचीड चिकटली होती आणि तिची आई पेटती उदबत्ती घेऊन डाग द्यायला निघाली होती. आत्याने तिचा हात धरला.

"चटका देऊ नको गं. रॉकेलही नको. डिवचलं की ती पोटातलं पोरीच्या अंगात ओकते. चिमटा आण."

चिमट्याचं टोक तिने कातडीला अगदी लागून धरलं, पिळलं नाही, झटका दिला नाही. सरळ वर, सावकाश ओढलं. गोचीड तोंडासकट निघाली. ती बोटाने न चिरडता साबणाच्या पाण्यात टाकली, जागा साबणाने धुतली. "दोन-तीन आठवडे लक्ष ठेव. ताप आला, पुरळ उठलं तर डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांग की गोचीड चावली होती."

आत्याचं हे शेवटचं वाक्य प्रत्येक घरात पाठ हवं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली, तो माकडताप गोचिडीच पसरवतात. २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यानेही तो भोगला. प्रत्येक गोचिडीत असा आजार नसतो, हे खरं. पण चावा लपवला किंवा विसरला तर डॉक्टरला तापाचं मूळ शोधायला उशीर होतो.

संध्याकाळी आत्या बॅटरी घेऊन गोठ्यात गेली. गाय, बैल राहिले बाजूला. तिने उजेड टाकला तो मधल्या भिंतीवर. गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन दगडांमधली माती झडून भेग पडली होती. आत एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली एक मादी बसली होती आणि तिच्यापुढे तपकिरी, चकचकीत अंड्यांचा बारीक ढीग.

"रक्त पिऊन झालं की ही गुरावरनं गळून पडते आणि अशी सांदीत शिरते. दोन-तीन हजार अंडी घालते नि मरते. पिल्लं बाहेर पडली की पुन्हा गुरांवर. तुम्ही तेल लावता ते गुरांवरच्यांना. बाकीच्या सगळ्या इथं बसल्यात."

दोघे भाऊ वाकून पाहत होते.

"आता सांगा रे, ही भेग कुणाच्या वाटणीला आली?"

कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरं बाहेर काढून दोघांनी दोन्ही बाजूंनी भिंत खरवडली. भेगांत उकळतं पाणी ओतलं, माती-चुन्याने त्या बुजवल्या, वर चुन्याचा हात दिला. शेणाची रास गोठ्यापासून लांब नेली, अंगणाच्या कडेचं गवत कापलं. धाकट्याने तंबाखूचं पाणी फवारू म्हटलं तेव्हा आत्याने साफ नकार दिला: गुरं एकमेकांना चाटतात, वासरू चाटेल आणि विषबाधा होईल. सीताफळाच्या बियांची पूडही तिने नाकारली, डोळ्यांत गेली तर डोळे जातात. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक आहे, असं मानणारे लोक मला फार भेटतात. त्यांनी या म्हातारीचं ऐकावं.

करंजाचं तेल मात्र तिने ठेवलं. गुरांचे कान आतून पाहायचे, पोळी, कास, शेपटीचं बूड हाताने चाचपायचं, मग तेल चोळायचं, आणि हे दर आठवड्याला. अंडी एकदम फुटत नाहीत. आज साफ दिसणाऱ्या गाईवर पुढच्या आठवड्यात नवी पिल्लं चढतात. गुरांवरची नेहमीची गोचीड पिल्लापासून मोठी होईपर्यंत तीनेक आठवडे त्याच जनावरावर राहते, त्यामुळे मध्ये खंड पडला की केलेलं वाया जातं. कुत्र्याचीही तशीच तपासणी, त्याच्या बोटांच्या बेचक्यांसकट. गावठी कोंबड्या दिवसा गोठ्यात सोडायच्या, त्या गळालेल्या गोचिडी टिपतात. पोरं माळावरून आली की कपडे झटकून आंघोळ, आणि कानामागे, काखेत, केसांच्या मुळाशी आईने बोट फिरवायचं.

थोरल्याच्या बायकोने वार ठरवला, सोमवार. दोन्हीकडची गुरं एकाच वेळी बाहेर बांधायची. पहिल्या सोमवारी दोघे भाऊ न बोलता काम करत होते. तिसऱ्या सोमवारी धाकटा गाईचा कान धरून म्हणाला, "दादा, इकडे बघ, एक राहिलीय."

दिवाळीच्या तोंडावर वासराच्या गळ्याखाली पुन्हा दोन सापडल्या. या वेळी बॅटरी घेऊन दोघांनी आधी भिंत पाहिली. चुना शाबूत होता, भेग नव्हती. मग उरलेली करंजाच्या तेलाची बाटली घेऊन ते दोघे शेजारच्या घरी गेले, कारण तिथली गुरंही त्याच माळावर चरतात.