शोकाकुलाचा नाताळ आणि वाटेची सोबत



नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या मंडळ्यांतून गीतांच्या तालमी सुरू होतात, घरे सारवली व रंगवली जातात आणि दारोदारी कागदी तारे टांगले जातात. परंतु बहुतेक गावांत एखादे तरी घर असे असते की, ज्याच्या दारावर त्या वर्षी तारा दिसत नाही. कोणाचा पती गेलेला असतो, कोणाचे लेकरू गेलेले असते. कोणाचे मुलगे पुण्यामुंबईस कामावर असून सणालाही घरी येऊ शकत नाहीत. एरवी हे दुःख कामाच्या रगाड्याखाली दबून असते. समुद्रपूर तालुक्यात या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, आणि वेचणाऱ्या हाताला रडावयास सवड नसते. परंतु सणाच्या दिवशी हात रिकामा होतो. सण हा माणसे मोजण्याचा दिवस आहे. पंगतीत कोण बसले आणि कोण बसले नाही, हे त्या दिवशी न मोजताही कळते.

अशा शोकाकुल माणसाने सणाच्या दिवसांत घर सोडून चार दिवस बाहेर जावे काय? आणि त्यास कोणी नेऊ लागले, तर ते करणे योग्य काय? हा प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु पाळक व उपदेशक यांना तो दरवर्षी भेटतो. म्हणून त्याचा नीट विचार करू.

गावाचे मत बहुधा विरुद्ध असते. वर्ष सरले नाही तोच ही बाई फिरावयास निघाली, असे लोक बोलतात. आमच्यातही कित्येकांस वाटते की, घरात बसून राहणे हीच मृताविषयीची निष्ठा होय. उलट दुसरा एक पक्ष म्हणतो की, शोकाकुलास गर्दीत न्यावे, हसवावे, गेलेल्याचे नावही काढू नये, म्हणजे तो विसरेल. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात. पहिला शोकाला घराचे कुलूप लावतो. दुसरा शोकाला खोटे ठरवतो. याकोबाने योसेफाचा रक्ताने भरलेला झगा पाहिला तेव्हा मुलामुलींनी कितीही समजाविले तरी तो समाधान पावेना, असे शास्त्रात आहे. आणि त्याबद्दल शास्त्र त्यास दोष देत नाही. जेथे प्रीती खरी तेथे शोकही खरा असतो, आणि जे खरे आहे ते विसरावयास लावणे हे सांत्वन नव्हे.

येथे कोणी विचारील की, आपण तर कोणत्याही स्थळात पुण्य मानीत नाही. मग स्थळ बदलल्याने काय होणार? आमचे शेजारी दुःख घेऊन वाट धरतात हे आम्ही नित्य पाहतो. पंढरीची वारी आहे. आपल्याच तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि तेथे हिंदू व मुसलमान दोघेही आपली गाऱ्हाणी घेऊन जातात. त्यांची थट्टा करण्याचे आम्हांस काहीच कारण नाही. परंतु प्रभूने शोमरोनी स्त्रीस विहिरीजवळ सांगितले की, पित्याची खरी उपासना ना त्या डोंगराशी बांधलेली आहे, ना यरुशलेमाशी. मग देव जसा गिरडला तसाच आपल्या ओसरीवर, जसा मुंबईस तसाच आपल्या धुऱ्यावर. हे सर्व खरे. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देव सर्व ठिकाणी सारखा असतो; माणूस मात्र सर्व ठिकाणी सारखा नसतो. आपल्या घरातील खुंटी बोलते, बाज बोलते, पाण्याचा तांब्या बोलतो. ज्या वेळी तो शेतातून येत असे त्या वेळी कान आपोआप दाराकडे लागतात. नव्या ठिकाणी त्या वस्तू नसतात. म्हणून मनाला घटकाभर श्वास घेता येतो, आणि जे घरी बोलवत नव्हते ते वाटेवर बोलता येते. प्रवासात पुण्य नाही, पण प्रवासात मोकळीक आहे. आणि तीही देवाचीच देणगी होय.

खुद्द प्रभूकडे पाहा. योहानाचा शिरच्छेद झाला, त्याच्या शिष्यांनी देह पुरला आणि येऊन येशूला कळविले. ते ऐकून येशू मचव्यात बसून एकांत स्थळी निघून गेला, असे मत्तयाने लिहिले आहे. जो मेलेल्यांस उठवितो त्यालाही ती वार्ता ऐकल्यावर ते स्थळ सोडावेसे वाटले. मग आमच्यापैकी एखाद्या विधवेस नाताळाच्या सकाळी आपले घर सोसवत नसेल, तर तिचा विश्वास दुर्बळ आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करावे?

परंतु पळणे वेगळे आणि निघणे वेगळे. या दोहोंतला भेद कसा ओळखावा? अम्माऊसच्या वाटेवर तो स्पष्ट दिसतो. दोन शिष्य यरुशलेम सोडून सुमारे सात मैलांवरच्या त्या गावी चालले होते. वल्हांडणाचा सण नुकताच झाला होता आणि सणातच त्यांचा गुरू मारला गेला होता. तेव्हा सणाचे दुःख काय असते हे त्यांस पुरेपूर ठाऊक होते. चालताना ते दुसरे काही बोलत नव्हते. झालेल्या गोष्टींविषयीच बोलत होते. एक अनोळखी वाटसरू त्यांच्या बरोबरीने चालू लागला. त्याने आधी उपदेश केला नाही. आधी त्याने विचारले की, तुम्ही कशाविषयी बोलत आहा. आणि त्यांना सर्व दुःख आपल्या तोंडाने सांगू दिले. मग शास्त्र उलगडले, मग भाकर मोडली. आणि ज्या नगरातून ते खिन्न होऊन निघाले होते, त्याच नगरास ते त्याच घटकेस परत गेले. ज्या प्रवासात गेलेल्याचे नाव घेता येते आणि ज्याच्या शेवटी परतणे आहे, तो पळ नव्हे. जेथे नाव घेण्यास बंदी आहे आणि परतण्याची भीती आहे, तेथे माणूस काशीस जावो की काश्मिरास, दुःख त्याच्या गाठोड्यातच असते.

आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट येथे आठवते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यास आगाखान राजवाड्यात, बंदिवासात असताना, कस्तुरबा गांधी यांचा अंत झाला. ६ मे रोजी गांधीजी सुटले. त्यांची प्रकृती ढासळलेली होती. म्हणून ते प्रथम जुहूस समुद्रकिनारी व नंतर पाचगणीस राहिले, आणि ऑगस्टात सेवाग्रामास परत आले. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते ते सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु सेवाग्रामास जो जातो त्यास बापूंच्या कुटीबरोबर बांची कुटीही दिसते, आणि एवढे कळते की समुद्राचा वारा कितीही गुणकारी असला तरी त्या रिकाम्या कुटीपाशी परत यावेच लागते. बाहेर जाणे हे परतण्याचे बळ मिळविण्यासाठी असते. परतणे चुकविण्यासाठी नव्हे.

आता मुख्य मुद्दा. शोकाकुल माणूस आपण होऊन निघत नाही. त्याला पिशवी भरवत नाही, गाडीची वेळ विचारवत नाही. आमच्या मराठी घरांत यावर फार जुना उपाय आहे. सणासाठी सासरच्या मुलीस माहेरी आणावयाचे असते तेव्हा नुसता निरोप धाडून भागत नाही. तिचा भाऊ किंवा दुसरा कोणी आप्त मुराळी होऊन जातो, तिच्या दारात उभा राहतो आणि तिला बरोबर घेऊन येतो. मुलीला वाट माहीत नसते म्हणून का तो जातो? नाही. कोणीतरी आपल्याला न्यावयास आले, यातच निम्मे माहेर असते. शोकाकुलास हवा असतो तो असा मुराळी. "कधीतरी या आमच्याकडे" असे चर्चच्या दारात म्हणणे सोपे आहे. आणि त्या आमंत्रणावर कोणी येत नाही, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असते.

याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७४ साली मद्रास इलाख्यातील दुष्काळात थोड्याच महिन्यांच्या अंतराने त्यांचे वडील, आई व थोरली बहीण ही तिघे मरण पावली. रमाबाई त्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या हजारो मैल पायी हिंडल्या आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. पुढे १८८० साली भाऊ गेला व १८८२ साली पती गेला. नुसत्या चालण्याने दुःख संपत असते, तर इतके चालणाऱ्या बाईचे ते कधीच संपले असते. परंतु १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली व बालविधवा शेकडोंनी आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाची वाढ त्यातूनच झाली. आपला वर्धा जिल्हाही त्या काळी मध्यप्रांतातच मोडत असे. ज्या बाईला सोळाव्या वर्षी न्यावयास कोणी आले नाही, ती दुसऱ्यांच्या लेकींची मुराळी झाली. हा तिचा सर्वांत सार्थ प्रवास होता, असे आम्हांस वाटते.

म्हणून मंडळ्यांतील वडील व उपदेशक यांस आमची विनंती आहे की, नाताळापूर्वीच आपल्या गावातील बिनताऱ्याची घरे ओळखून ठेवा. विशेषतः त्या घराकडे जा, जेथील कर्त्या पुरुषाने आपल्याच हाताने जीव दिला. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी मदतीची योजना जाहीर केली त्यांत वर्धा होता. हे दुःख आपल्यास परके नाही. अशा घराकडे लोक लाजेने जात नाहीत आणि घरचे लोक लाजेने बाहेर पडत नाहीत. तेथे न्यायाधीश होऊन जाऊ नका. मुराळी होऊन जा.

मोठा खर्च नको, आणि कर्ज तर मुळीच नको. सणासाठी सावकाराचे दार ठोठावणे म्हणजे एका दुःखावर दुसरे चढविणे होय. मार्च २०२३ पासून एस. टी.च्या गाड्यांत स्त्रियांना अर्धे भाडे झाले आहे. पवनारला धाम नदीच्या काठी दोन तास बसून यावे. सेवाग्रामच्या झाडांखाली शिदोरी सोडावी. बहिणीच्या किंवा मावशीच्या गावी दोन रात्री राहावे. ज्याला तेवढेही होत नाही त्याने शेजारच्या गावच्या उपासनेस बैलगाडीने किंवा पायी जावे. सोबत एक-दोन माणसे पुरेत. फार माणसे झाली की शोकाकुल पुन्हा एकटा पडतो. वाटेत गेलेल्याचे नाव निघाले तर विषय बदलू नका, आणि रडू आले तर रडू द्या. बोलावूनही तो नाही म्हणाला तर ओढू नका. त्याच्याच ओसरीवर बसा, त्याच्याबरोबर चहा घ्या, आणि नव्या वर्षाच्या आत पुन्हा एकदा जाऊन विचारा. पुष्कळदा पंचविसाव्या तारखेपेक्षा सव्विसावी अधिक जड जाते. गाणी थांबलेली असतात आणि पाहुणे गेलेले असतात.

आणि ज्या बंधुभगिनींच्या घरी यंदा तारा नाही, त्यांस आम्ही एवढेच म्हणतो: कोणी न्यावयास आले तर त्याच्यासाठी दार उघडा. तुम्ही निघालात म्हणून गेलेल्याशी बेइमानी होत नाही. ज्या प्रभूचा जन्म प्रवासात, परक्या गावी, उतारशाळेत जागा नसताना झाला, त्याचा सण घराबाहेर करण्यात अधर्म नाही. तुमचे माणूस त्याच्याजवळ आहे, आणि तोच तुमच्याही वाटेवर आहे. कदाचित पुढच्या वर्षी तुमच्याहून नव्या दुःखाने पोळलेल्या एखाद्या दारात तुम्हांसच उभे राहावे लागेल. त्या वेळी काय बोलावे याची चिंता करू नका. पिशवी भरावयास मदत करा, आणि बरोबर चाला.