शिक्का कुणाच्या खिशात

परवा माळ्यावरची जुनी ट्रंक उतरवली. मुलाला जुना सातबारा हवा होता. कागदांच्या खाली रुमालात गुंडाळलेला एक लाकडी मुठीचा शिक्का सापडला. रबर तडकलेलं, शाई वाळून दगड झालेली. उलटी अक्षरं मी बोटानं चाचपून वाचली. सरपंच. हा शिक्का दीड वर्ष माझ्या सदऱ्याच्या खिशात होता आणि सरपंच माझी बायको होती.

खडवली स्टेशनात उतरून भातसा नदीच्या अंगानं चालत गेलं की अर्ध्या-पाऊण तासात आमचं गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही. मी दहावी शिकलेला माणूस, 1976 सालचा. त्याच साली दिल्लीत समान कामाला समान मजुरीचा कायदा झाला, हे मला फार उशिरा कळलं. कळेपर्यंत मी आवणीला गड्याला जी मजुरी देत होतो त्यापेक्षा बाईला कमी देत होतो. सगळेच देत. गडी चिखलणी करतो, बाई नुसती रोपं लावते, असा हिशेब. नुसती म्हणजे काय, ते मी एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत पावसात वाकून लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठताना बायकोचा हात धरावा लागला. तरी पुढच्या साली मजुरी सारखी केली नाही. शेजारी काय म्हणतील, मजुरीचा भाव मी एकट्यानं कसा बिघडवू, असं मनात आलं.

2005 साली आमच्या पंचायतीचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. तेव्हा आरक्षण तेहतीस टक्के होतं, महाराष्ट्रात पन्नास झालं ते 2011 साली. गावातली चार माणसं अंगणात येऊन बसली आणि मला म्हणाली, "तुझी मंडळी उभी कर." ही आत भाकऱ्या थापत होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. रात्री जेवताना सांगितलं, उद्या कल्याणला फॉर्म भरायला जायचंय, बरं लुगडं नेस. पत्रकावर तिच्या नावाखाली माझं नाव छापलं आणि फोटो दोघांचा, त्यात माझा मोठा.

निवडून आली. लोक मला सरपंच म्हणू लागले आणि तिला सरपंचीणबाई. ऐकायला बरं वाटतं, पण सरपंचीण म्हणजे आमच्याकडे सरपंचाची बायको. पाटलीण जशी पाटलाची, तशी. निवडून आलेली ती आणि नावानं माझ्या मागं उभी तीच.

ही चौथीपर्यंत शिकलेली. सही येत होती, थोडी वेडीवाकडी. ती मी घोटवून घेतली, कारण चेकवर ग्रामसेवकाबरोबर सरपंचाची सही लागते आणि बँकेत ती जुळावी लागते. शिक्का माझ्या खिशात. मासिक सभेत मी खुर्चीवर, ती बाजूच्या बाकावर, पदर डोक्यावर. चहा आला की ती उठून वाटायची. सरपंचानं चहा वाटायचा नसतो, हे तिथल्या एकाही माणसाला सुचलं नाही. आता लिहिताना हात अडखळतो, पण तेव्हा मला यात काही वाईट दिसत नव्हतं. मी पैसे खात नव्हतो, गावाचं काम करत होतो. तिला तरी कुठं वेळ होता, म्हशी, भात, सासू. मी तिचं ओझं उचलतोय असंच मला वाटायचं.

आमच्याकडे वीटभट्ट्या बऱ्याच. नदीकडच्या पडीक जागेवर एकाला भट्टी टाकायची होती, त्यासाठी पंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. माणूस ओळखीचा. गावाला पैसा मिळेल, पोरांना काम मिळेल. चार सदस्य तयार झाले. दाखला लिहून मी घरी आणला आणि तिच्यापुढं ठेवला. इतर कागदांवर करायची तशी ही सही करील म्हणून मी पेनाचं टोपणही काढून दिलं.

तिनं विचारलं, "ही जागा म्हणजे करवंदीच्या जाळीपलीकडची?"

"हो."

"मंग नाय."

मी हसलो. म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. ती म्हणाली, "अवो, तिथनं कातकरवाडीच्या नि आपल्या आळीच्या बाया पहाटं नि सांजच्याला जातात. जाळीचा आडोसा हाय म्हणून जातात. तिथं भट्टी झाली, ट्रक लागले, पाच-पन्नास गडी येऊन राह्यले, का बायांनी जावं कुठं? तुम्ही तर नदीच्या कडंला उभ्यानं जाता."

मी गप्प झालो. पंचेचाळीस वर्षं त्या गावात राहिलो, त्या जाळीवरून हजार वेळा गेलो. ती जाळी म्हणजे गावातल्या निम्म्या माणसांचा संडास आहे आणि तेवढीच त्यांची सुरक्षित जागा आहे, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं आणि नव्हतं. निर्मल ग्रामच्या सभेत मी दोनदा भाषण केलं होतं.

बायकांना जागा कशाला, काम चांगलं करणारा कुणीही चालेल, असं पुष्कळ लोक म्हणतात. मीही म्हणायचो. पण त्या रात्री मला वाटलं, काम चांगलं करायला आधी गाव माहीत पाहिजे, आणि मला फक्त निम्मं गाव माहीत होतं. उरलेलं निम्मं मला कुणी सांगितलं नसतं. बाई परक्या पुरुषाला येऊन सांगणार आहे का, की आमचा आडोसा जातो?

दुसऱ्या दिवशी शिक्का माझ्या खिशात नव्हता. तिनं तो कमरेच्या पिशवीत घातला होता, तंबाखूच्या डबीशेजारी.

पुढचे सहा महिने घरात आणि गावात काय झालं ते सगळं लिहीत नाही. माझी टिंगल झाली. "काय सरपंच, शिक्का गेला वाटतं?" तिच्याबद्दल जे बोलले गेले ते कागदावर आणण्यासारखं नाही. बाई ऐकत नाही असं झालं की तिच्या चालीवर बोलणं हे पहिलं हत्यार, ते आमच्या गावानंही काढलं. मग अविश्वासाचा ठराव आला. सही करणाऱ्यांत माझा चुलतभाऊ पहिला.

सदस्य सात. ठरावाच्या आदल्या रात्री एक जण माझ्याकडे आला. ओसरीवर बसून म्हणाला, "तुमचं काय म्हणणं? तुम्ही नको म्हटलं तर मी हात वर करणार नाही." मी काय बोललो? काही नाही. विडी पेटवली. तो उठून गेला आणि सकाळी त्यानं हात वर केला. त्या गप्प बसण्याला काय म्हणावं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला तिला पाडायचं नव्हतं. पण ती पडली तर बरं होईल, घर पहिल्यासारखं होईल, असं कुठंतरी वाटत होतं.

तहसीलदारांनी सभा घेतली. ठरावाच्या बाजूनं पाच हात वर आले. पुरुष सरपंचाला पाडायला तेव्हा दोन तृतीयांश लागत, म्हणजे सातांत पाच पुरले असते. पण राखीव पदावरची बाई असेल तर कायद्यात तीन चतुर्थांश होते, म्हणजे सहा. सहावा हात वर आला नाही. तो हात कातकरवाडीतल्या सदस्य बाईचा होता. तोवर दीड वर्ष ती सभेत अंगठा उठवून निघून जायची, एक शब्द बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

कायदा करणाऱ्या कुणाला तरी ठाऊक असणार की बाई खुर्चीवर बसली की तिला उठवायला गाव किती लवकर जमतं. नाहीतर हा एका हाताचा फरक कशाला ठेवला असता?

आमच्या शेजारचं स्टेशन टिटवाळा. गणपतीसाठी लोकांना माहीत. पण 1945 च्या जानेवारीत तिथं किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं आणि तलासरी-डहाणूकडचे वारली तिथवर आले होते. त्यानंतर वेठबिगारी आणि लग्नगड्याची पद्धत मोडायला गोदावरी परुळेकर त्या जंगलात पायी फिरल्या. शिकलेली, शहरातली, ब्राह्मणाघरची बाई. पुढं त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. माझे वडील त्यांच्याबद्दल आदरानं बोलायचे, आणि त्याच वडिलांनी माझ्या दोन्ही बहिणींना चौथीतून काढलं. मोठ्या बाईचा मोठेपणा मानायला काही जात नाही. घरातली बाई तेवढीच मोठी असू शकते हे मानलं की आपल्याला उठून पाणी घ्यावं लागतं.

बहिणींचं आलंच, तर तेही सांगून टाकतो. खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो.

वडील 2006 साली गेले. आदल्याच वर्षी कायदा बदलला होता, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क. महाराष्ट्रात तर 1994 पासून होता, लग्न आधी झालेल्या मुली सोडून. बाराव्याला दोघी आल्या. मी त्यांना कल्याणला नेलं, हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं. दोघींनी वाचलं नाही. मोठी म्हणाली, "दादा, कुठं करू?" मी बोट ठेवलं तिथं केली. येताना दोघींना साड्या घेतल्या, हॉटेलात जेवलो. बहिणी खूश होत्या, मीही होतो. सगळे असंच करतात. जी बहीण सही करत नाही तिचं माहेर तुटतं, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक मुलगी ते जाणते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला बायकांचं अधिवेशन घेतलं. कसाऱ्याच्या गाडीनं जाऊन पुढं जाता आलं असतं, पण भाताची कापणी होती, मी गेलो नाही. पुढं त्यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शेतकऱ्यानं आपल्या हयातीत काही जमीन बायकोच्या नावावर करायची, शंभर जणांनी केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. हजारो शेतकऱ्यांनी केलं. मोठी गोष्ट होती, मला तिचा आदर आहे. पण माझ्या अनुभवानं एक सांगतो, बायकोच्या नावावर करणं त्यातल्या त्यात सोपं. जमीन घरातच राहते. बहिणीला द्यायची म्हणजे बांध घालावा लागतो.

2014 नंतर इकडं बंगल्यांच्या प्लॉटांचे भाव चढले. मी काही जमीन विकली, घर बांधलं, धाकट्याचं लग्न केलं. बहिणींना पुन्हा साड्या. धाकटी तोवर विधवा झालेली, मुरबाडकडे शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. रात्री ही सहज म्हणाली, भांडणाच्या सुरात नाही, "माझा शिक्का तुमच्या खिशातनं मी काढला. तुमच्या बहिणींची सही कोण काढील?"

2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा. मी पेपर पुन्हा पुन्हा वाचला, आणि खरं सांगतो, माझं काही बिघडत नाही ना हेच शोधत होतो. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, नोंदवलेलं हक्कसोडपत्र आहे, काळजी नको. कायद्यानं मी सुटलो. पण माहेर तुटेल या भीतीनं जे दिलं ते दिलं म्हणायचं का? चोराला कुणी चाकू बघून पाकीट दिलं तर त्याला आपण दान म्हणत नाही. माझ्याकडे चाकू नव्हता. दिवाळी होती, भाऊबीज होती, दारात उभं राहून "ये" म्हणणारा मी होतो.

माझी मुलगी ठाण्याला कंपनीत जाते. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, स्टेशनाच्या पुढं अंधार. मी मोटारसायकल घेऊन उभा राहतो. पूर्वी म्हणायचो, नोकरी सोड, रोजचा घोर नको. एकदा ती म्हणाली, "बाबा, दिवा लावायला सांगा ना पंचायतीला. मला घरी बसवणं सोपं पडतं का?" दिव्यासाठी तीन अर्ज झाले. एक लागलाय. दिल्लीत 2023 साली लोकसभेत बायकांना एक तृतीयांश जागांचा कायदा झाला, तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू व्हायचा. वाट बघायची बायकांना सवय आहे असं धरून चाललेत सगळे.

ट्रंक उतरवली त्याच आठवड्यात मी मुरबाडला गेलो. धाकटीला म्हटलं, नदीकडच्या तुकड्यातला वाटा तुझ्या नावे करतो, बक्षीसपत्र करू. मला वाटलं होतं ती रडेल, नको दादा म्हणेल, आणि मी मोठ्या मनानं तिला समजावीन. तिनं चुलीवरचा टोप उतरवला, हात पुसले आणि विचारलं, "किती गुंठे?"

"वीस."

"आणि पाण्याची वाट?"

मी म्हटलं, तीही. ती म्हणाली, "बरं. आक्काला पण विचार. तिला सोडून मी घेणार नाय."

मुलानं सातबारा कशाला मागितला होता ते मला मग कळलं, त्यानंही कुणाशी तरी बोलणी चालवली होती. तो सध्या माझ्याशी कामापुरतं बोलतो. ही काही म्हणत नाही, फक्त शिक्का रुमालातून काढून देवळीत ठेवलाय, येता-जाता दिसतो.

आक्काला अंबरनाथला फोन केला. ऐकून घेतलं तिनं सगळं. मग म्हणाली, "विचार करून सांगते, दादा." याला पंधरा दिवस झाले. अजून तिचा फोन आलेला नाही.